कलिन्याला पदवीचे विद्यार्थी हवेत

मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवलेल्या बहुतेकांनी कलिन्याचे संकुल आतून पाहिलेले नसते. ज्यांनी पाहिले, त्यांतले पुष्कळसे परीक्षा भवनाच्या खिडकीपर्यंतच पोचलेले असतात; गुणपत्रिकेवरचे नाव दुरुस्त करून घ्यायला, नाहीतर परदेशी जाण्याआधी ट्रान्सक्रिप्ट काढायला. सांताक्रूझ पूर्वेला, जुन्या कोले-कल्याण गावाच्या जमिनीवर हे दोनशे एकरांहून मोठे संकुल पसरले आहे. एका बाजूला वाकोल्याची दाट वस्ती, दुसरीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती, डोक्यावर विमानांची घरघर. आत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, विज्ञानाचे विभाग आहेत, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी, संस्कृत, पाली, अरबी, जर्मन, रशियन, भाषाशास्त्र आहे, लोककला अकादमी आहे, नाटकाचे रीतसर शिक्षण आहे. एवढा ऐवज असूनही शहराच्या लेखी कलिना म्हणजे निकाल. २०२४ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा आराखड्यात या संकुलाचे ‘विद्यानगरी’ हे नाव असलेले स्थानक ‘वांद्रे कॉलनी’ म्हणून उघडले आणि फारशा कुणाला त्याचे वाईटही वाटले नाही. याचे खापर मुंबईकरांच्या अनास्थेवर फोडणे सोपे आहे, पण खरे कारण विद्यापीठाच्या रचनेत आहे. काही व्यावसायिक आणि एकात्मिक अभ्यासक्रम सोडले, तर बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला कलिन्यात बसायला वर्गच नाही. हे वर्ग सुरू झाले नाहीत तर तिथले पदव्युत्तर विभागही फार काळ धड राहणार नाहीत, असे माझे मत आहे.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले ते त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. पहिली सहा दशके विद्यापीठाचे काम जवळजवळ एवढेच राहिले. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले आणि विद्यापीठात स्वतःचे अध्यापन खऱ्या अर्थाने रुजू लागले. पुढे गो. स. घुर्ये यांनी हा विभाग नावारूपाला आणला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांच्याच हाताखाली शिकले. अर्थशास्त्रात सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड-उद्योगप्रधान धोरणाला पर्याय मांडला. सामान्य माणसाच्या गरजेच्या वस्तूंचे उत्पादन आधी वाढवा, हे त्यांचे म्हणणे आजही अभ्यासले जाते.

इथे कुणी विचारील की घुर्ये यांच्या विभागात कुठे पदवीचे वर्ग होते? नव्हते, आणि तरी तो विभाग मोठा झाला. आक्षेप रास्त आहे. पण तो विभाग फोर्टात होता. राजाबाई टॉवरपासून एल्फिन्स्टन, विज्ञान संस्था, झेवियर्स ही महाविद्यालये पायी जाण्याच्या टप्प्यात होती. पदवीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे ग्रंथालय, विद्यापीठातले व्याख्यान आणि विद्यापीठातला प्राध्यापक हे सगळे एकाच परिसरात भेटत होते. विद्यार्थिसंख्या तुटपुंजी होती आणि संलग्न महाविद्यालयांचा पसारा आजच्यासारखा हाताबाहेर गेलेला नव्हता. विभाग उपनगरात आले तेव्हा जागा मिळाली, पण हा शेजार गेला. तो भरून काढण्यासाठी कलिन्यातच पदवीचा विद्यार्थी आणायला हवा होता. तसे झाले नाही.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात पदवीपासून शिकवले तर काय होते, याचे उत्तर मुंबईतच आहे. १९३३ मध्ये विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. दहा वर्षांनी तो माटुंग्याला गेला आणि ‘यूडीसीटी’ या नावाने देशभर ओळखला गेला. रघुनाथ माशेलकर इथून १९६६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि तिथेच एम. एम. शर्मा यांच्याकडे संशोधन करून १९६९ मध्ये पीएच. डी. झाले. शर्मा स्वतः याच विभागाचे पदवीधर, केंब्रिजहून परत येऊन शिकवायला लागलेले. विशीच्या आतला मुलगा, त्याला शिकवणारा संशोधक आणि शेजारची प्रयोगशाळा हे एकाच आवारात असले की पुढची पिढी तिथल्या तिथे तयार होते. कलिन्यातही एक छोटे उदाहरण आहे. अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठ यांनी मिळून २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचे उत्कृष्टता केंद्र काढले. बारावीनंतर देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून मुले येतात आणि सलग पाच वर्षे शिकून एम. एस्सी. होतात. म्हणजे प्रयोग आवारातच झालेला आहे, फक्त तो बाकीच्या विभागांपर्यंत गेलेला नाही.

यूडीसीटी शेवटी विद्यापीठातून बाहेर पडलीच ना, हा त्यावरचा नेहमीचा टोला. खरे आहे. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती स्वतंत्र झाली. पण ती का गेली हे पाहिले पाहिजे. शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षांखाली दबलेल्या यंत्रणेत एखाद्या विभागाला अभ्यासक्रम बदलायचा असेल, माणूस नेमायचा असेल, पैसा खर्चायचा असेल, तर किती दारे ठोठावावी लागतात, हे विद्यापीठात काम केलेल्या कुणालाही विचारावे. विभाग आवारातच राहावेत असे वाटत असेल तर त्यांना ती मोकळीक तिथेच द्यावी लागेल. बांधून ठेवल्याने चांगली माणसे थांबत नाहीत.

या दबलेपणाचा अर्थ २०१७ ने सगळ्यांना दाखवला. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आला, निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. तपासणीसाठी महाविद्यालयांतले वर्ग थांबवून प्राध्यापकांना संगणकासमोर बसवावे लागले. परीक्षेसाठी अध्यापन बंद! विद्यापीठाची प्राथमिकता यापेक्षा स्पष्ट कशी दिसणार?

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वेळ आणखी कमी केला आहे. २०२० च्या या धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम. ए. किंवा एम. एस्सी. एका वर्षात करता येईल. हा विद्यार्थी संशोधनाचे चौथे वर्ष आपल्या महाविद्यालयात काढील आणि कलिन्याला फार तर एका वर्षासाठी येईल. पहिल्या सत्रात तो वाट ओळखायला लागेल, दुसऱ्यात निरोप घेईल. पाली किंवा रशियनसारखे विषय तर बारावीपर्यंत बहुतेकांनी पाहिलेलेच नसतात. ते एका वर्षात शिकवणार कसे? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने परकी भाषांसाठी पदवीपासूनच वर्ग ठेवले. दक्षिण कोलकात्याच्या उपनगरातले जादवपूर विद्यापीठ कला, विज्ञान आणि अभियांत्रिकी तिन्हींत पदवीपासून शिकवते, आणि त्याची ओळख निकालांवरून नाही, वर्गांवरून आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. मुंबई विद्यापीठाचा पसारा शहर आणि उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत आहे. मोखाड्याची किंवा दोडामार्गची मुलगी कलिन्याला येऊन राहू शकत नाही. संलग्न महाविद्यालय हेच तिचे विद्यापीठ. मग कलिन्यावर पैसा ओतणे म्हणजे शहरातल्या मुलांची सोय करणे नाही का? या प्रश्नाला वळसा घालून चालणार नाही. संलग्नतेने गावोगावी पदवी पोचवली, हे तिचे ऋण मोठे आहे. पण त्या मुलीला आज कलिन्याकडून मिळते ते वेळापत्रक आणि गुणपत्रिका. तेवढे काम स्वतंत्र परीक्षा मंडळही करू शकेल, कदाचित वेळेवर करील. धोरण तर संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवा असेच म्हणते. उलट कलिन्यात पदवीचे वर्ग आणि पुरेशी वसतिगृहे झाली, तर या मुलीला सार्वजनिक विद्यापीठाच्या शुल्कात मोठ्या प्रयोगशाळेचे दार पहिल्यांदाच उघडेल. वसतिगृहाशिवाय मात्र हा सगळा उद्योग खरोखरच लोकलच्या टप्प्यात राहणाऱ्यांपुरता उरेल, आणि तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांचेच बरोबर ठरेल.

संलग्न महाविद्यालये सुटली तर विद्यापीठ लहान होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांना गोव्याचे उदाहरण उपयोगी आहे. पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनाचे केंद्र होते. १९८५ मध्ये त्यातून गोवा विद्यापीठ उभे राहिले. गुजरात, कर्नाटक, पुणे यांची विद्यापीठे त्याआधीच झाली होती आणि एकेकाळी सिंधपर्यंत असलेले मुंबईचे क्षेत्र आक्रसत गेले. त्यात कुणाचे नुकसान झाले नाही. क्षेत्र कमी झाले म्हणजे विद्यापीठ लहान झाले, हा हिशेब कार्यालयाचा आहे.

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, एखादी परकी भाषा आणि एखादा विज्ञान विषय एवढ्यांत पदवीपासूनचे वर्ग काढावेत, त्या विभागांना नेमणुकीचे आणि अभ्यासक्रमाचे पूर्ण अधिकार द्यावेत आणि जागा भरताना सातही जिल्ह्यांचा विचार करावा. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. २०२४ च्या सप्टेंबरातली ती निवडणूक न्यायालयापर्यंत गाजली, पण कलिन्यात कुणाला शिकवायचे हा तिच्यातला मुद्दा झाला नाही. वाचकांपैकी जे या मतदार यादीत आहेत, त्यांनी पुढच्या खेपेला मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढे जरूर विचारावे, आणि जे यादीत नाहीत त्यांनी आधी नाव नोंदवावे.