सोसायटीचं ऑफिस आणि एआय : तीन वर्षांचा मागोवा

सोसायटीच्या मॅनेजरला संगणक शिकवायचा म्हणजे कुठलं बटण कधी दाबायचं ते दाखवायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. टॅली असंच शिकवलं गेलं, एक्सेलही तसंच. २०१६ मध्ये सुरू झालेलं मायगेट आणि गेटवरच्या नोंदींची तशीच इतर ॲपं कोविडच्या आगेमागे गेटागेटावर पोचली, तेव्हाही कंपनीचा मुलगा येऊन अर्ध्या दिवसात वॉचमनला आणि मॅनेजरला सगळं दाखवून गेला. तेवढं पुरलंही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. तिथे बटणंच नव्हती, एक रिकामी चौकट होती, आणि तिच्यात काय लिहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

२०२३ मध्ये मी सोसायट्यांसाठी घेतलेल्या एआयच्या वर्गांना गर्दी झाली ती कमिटीची. सेक्रेटरी बहुतेक वेळा आयटीतले, त्यांना मुळात शिकायची गरज कमी. ज्याच्या टेबलावर काम येऊन पडतं तो मॅनेजर मागच्या खुर्चीवर, मध्येच पंपाचा फोन घेत बसलेला. एआयनं कविता कशी लिहिली, चित्र कसं काढलं, हे पाहून मंडळी टाळ्या वाजवत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात थकबाकीची यादी होती तशीच होती.

वर्गात मी हळूहळू उलटं विचारायला लागलो : दिवसभरात तुम्हाला सर्वांत नको वाटणारं काम कोणतं? उत्तर जवळपास ठरलेलं असे. सभासदाच्या इंग्रजी ईमेलला उत्तर देणं. मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेला, वीस वर्षं हिशेब चोख ठेवणारा माणूस वरच्या मजल्यावरून आलेल्या तीन परिच्छेदांच्या खमक्या इंग्रजीपुढे गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ लोक 'याला काही कळत नाही' असा लावतात. एआयनं सर्वांत आधी काही दिलं असेल तर ते हे : मराठीत मुद्दे सांगायचे आणि सरळ, सभ्य इंग्रजीत पत्र घ्यायचं. या एका कामामुळे मॅनेजरचं ऑफिसातलं वजन बदललेलं मी पाहिलं आहे. प्रशिक्षणाचं खरं यश विचाराल तर मी वेळेच्या बचतीआधी याकडे बोट दाखवीन.

मराठीचं मात्र रडगाणं बराच काळ चाललं. नोटीस बोर्डावर 'उद्या सकाळी १० ते ५ पाणी नाही, टाकी सफाई आहे' एवढं पुरतं. यंत्र त्याऐवजी 'आपल्या मौल्यवान सहकार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत' असं सुरू करी आणि पाण्याची वेळ चौथ्या ओळीत सांगे. जून २०२४ मध्ये जेमिनीचं ॲप भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचं निळं वर्तुळ दिसू लागलं, आणि संगणकाकडे न फिरकणारे सुपरवायझरही फोनवर बोलून विचारू लागले. मराठी सुधारली. पाल्हाळ आजही पूर्ण गेलेलं नाही. 'दोन ओळींत, कारण आणि वेळ आधी' असं सांगावंच लागतं.

खरी परीक्षा कायद्याच्या प्रश्नांवर झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये त्यात १३-ब हे वेगळं प्रकरण आलं. थकबाकी वसुलीचा अर्ज पूर्वी कलम १०१ खाली होत असे, आता तो १५४ब-२९ खाली होतो. पण इंटरनेटवर वर्षानुवर्षं साठलेला मजकूर कलम १०१ चाच, त्यामुळे यंत्रही मसुद्यात तेच कलम घालून देई, तेही कमालीच्या आत्मविश्वासानं. घर भाड्यानं दिल्यावर लागणाऱ्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचंही तसंच. महाराष्ट्रात २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. यंत्र कुठल्या तरी दुसऱ्या शहराचा रिवाज मिसळून भलताच आकडा सांगे. मॅनेजरला उपविधी माहीत असतील तर तो हसून दुरुस्त करायचा. माहीत नसतील तर तसंच छापून नोटीस बोर्डावर लावायचा.

जीएसटीचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात घेतो. महिन्याचा मेंटेनन्स दर सभासदामागे ७,५०० रुपयांवर गेला आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असली, की १८ टक्के कर लागतो. आता मेंटेनन्स ९,००० असेल तर कर कशावर? जुलै २०१९ च्या केंद्राच्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण ९,००० वर, म्हणजे १,६२० रुपये. जुलै २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की फक्त वरच्या १,५०० वर, म्हणजे २७०. एका फ्लॅटमागे महिन्याला १,३५० रुपयांचा फरक. वर्गातल्या दोघांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला की एकाला पहिलं उत्तर मिळे, दुसऱ्याला दुसरं, आणि दोघांनाही तितक्याच ठामपणे. अशा वेळी पुढचा फोन सीएला करायचा असतो, हे वर्गात वेगळं सांगावं लागलं नाही.

सभेच्या इतिवृत्तात निराळीच गंमत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्यामुळे पावसाळा संपता संपता सगळ्या ऑफिसांत एकच धांदल. रेकॉर्डिंग टाकलं की यंत्र सुरेख सारांश देतं : 'पार्किंगवर सखोल चर्चा झाली.' चर्चा झाली हो, पण ठराव काय झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला? हे गळून पडे, कारण सभेच्या गलक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एकदम चाललेलं असतं आणि दोन जोशी एकाच वेळी बोलत असतात. ज्या मॅनेजरांनी आधी कोरा नमुना बनवला आणि 'एवढेच रकाने भर, कळलं नाही तिथे रिकामं ठेव' असं सांगितलं, त्यांचं काम झालं. बाकीच्यांना, पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार गेली तेव्हा, ते सुरेख परिच्छेद काही कामाला आले नाहीत.

आणि मग सभासदही शिकले. २०२५ मध्ये एअरटेलनं पर्प्लेक्सिटी, जिओनं जेमिनी, आणि खुद्द ओपनएआयनं चॅटजीपीटी गो ग्राहकांना वर्षभर किंवा जास्त काळ फुकट दिलं. गळतीची दोन ओळींची तक्रार कलमांसकट चार पानांची झाली. मॅनेजर ती यंत्रात टाकून चार पानी उत्तर काढतो, आणि तोवर गळती चालूच. इथे मी वर्गात एक नियम करून टाकला : आधी प्लंबरला पाठवा, पत्र नंतर.

काही मोठ्या संकुलांना सभासदांच्या प्रश्नांना परस्पर उत्तरं देणारा बॉट हवा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणानं एअर कॅनडाच्या बॉटनं प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीची भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. ते प्रकरण सांगितलं की कमिट्यांचा उत्साह जरा बसतो, आणि बसावाच.

सर्वांत दुर्लक्षित राहिली ती सभासदांची माहिती. भाडेकरूचं आधार, पोलीस पडताळणीचे फॉर्म, थकबाकीदारांची नावं, सगळं मॅनेजरच्या स्वतःच्या फोनवरून, एआयच्या स्वतःच्या फुकट खात्यात जाऊ लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, पण सोसायटीच्या ऑफिसात त्याची चर्चा मी क्वचितच ऐकली. दोष मॅनेजरचा नाही. संस्थेनं त्याला खातंही दिलं नाही आणि काय टाकायचं नाही हेही सांगितलं नाही.

तीन वर्षांनंतर माझं मत पक्कं आहे. हे शिक्षण उपविधींपासून सुरू व्हायला हवं होतं. सुरू झालं ते यंत्रापासून. ज्यांना आपल्या संस्थेचे नियम, ठराव आणि फायली ठाऊक होत्या ते दोन बैठकांत तयार झाले, मग त्यांचं वय पंचावन्न का असेना. कमिट्यांना विनंती एवढीच : पुढचा वर्ग ठरवण्याआधी नोंदणीकृत उपविधींची मराठी प्रत मॅनेजरच्या हातात द्या, संस्थेच्या नावानं एक खातं काढून द्या, आणि वर्ग रविवारी न ठेवता कामाच्या वेळेत, पगारी ठेवा.