आधी रोग ओळखा, मग गोळी मागा

परसातल्या कोंबड्यांचं मरण डॉक्टरच्या कानावर येतं, तेव्हा खुराडं बहुधा अर्धं रिकामं झालेलं असतं. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला मी पशुवैद्यक म्हणून काम केलं, तिथे हे वारंवार पाहिलं. एखादी बाई टोपलीत दोन कोंबड्या घालून यायची आणि म्हणायची, "सायेब, काल सांजीले चांगल्या होत्या, आज पाह्यलं त मान फिरली. एखांदी गोळी द्या."

गोळी देणं सोपं असतं. पण आधी मी चार गोष्टी विचारतो. किती मेल्या? किती दिवसांत? पिल्लं मेली की मोठ्या? आणि विष्ठा कशी दिसते? घरातली बाई याची उत्तरं बिनचूक देते. कोंबड्यांचा हिशेब तिच्याच हातात असतो. मुलांच्या वह्या, एसटीचं भाडं, अवचित आलेला पाहुणा, हे सगळं तिला त्यातूनच भागवायचं असतं.

पिल्लंच मरत असतील, पंख पाडून गोळा होऊन बसत असतील आणि विष्ठेत रक्त दिसत असेल, तर ती बहुतेक रक्ती हगवण. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर ती फार पसरते. हिला औषध आहे. अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून द्यायचं, मात्रा दवाखान्यात विचारून. पण खाली ओल तशीच ठेवली तर औषधाचा उपयोग टिकत नाही. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या आल्या असतील तर त्या देवी. डासांमुळे त्या एकीकडून दुसरीकडे जातात. खपल्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने पुसून घ्याव्यात, डोळे स्वच्छ ठेवावेत. पुष्कळ कोंबड्या वाचतात. कोंबडी खाते-पिते, तरी वाळत जाते, तेव्हा जंतांची शंका घ्यावी.

आता मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात. कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस भारतात या रोगाची पहिली नोंद झाली, ती तिथली. रात्री खुराड्याजवळ कान दिला तर घरघर आणि शिंका ऐकू येतात. कोंबडी चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरं पातळ हगते, पाय लुळे पडतात आणि मान पिळवटते. लहानमोठ्या सगळ्याच मरतात, चार-सहा दिवसांत. हा विषाणू आहे, त्यावर गोळी नाही. प्रतिजैविकाची पुडी पाण्यात घालून समाधान मिळतं, कोंबडी मिळत नाही. हळद, लसूण यांचंही तेच.

इथेच एक मोठा घोटाळा होतो. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्या मेल्या, तेव्हा सुरुवातीला ही राणीखेतच, असंच म्हटलं जात होतं. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात निघाला, म्हणजे आमच्या मलकापूरच्या शेजारी. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा तेच. नुसतं पाहून हे दोन रोग वेगळे करता येत नाहीत, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो. म्हणून एकदम मर लागली तर मेलेली कोंबडी सोलू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका. ग्रामपंचायतीला आणि दवाखान्याला लगेच कळवा. 2009 च्या कायद्याने ते मालकाचं कामच आहे. कळवलं तर सगळ्याच मारून टाकतील, या भीतीने लोक गप्प बसतात. ती भीती मला समजते. पण त्या गप्प बसण्यातच आजारी कोंबडी आठवडी बाजारात स्वस्तात विकली जाते आणि रोग चार गावं पुढे जातो.

मानमोडीवर इलाज नसला तरी लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखाली टोचायची. ती जरा कडक असते, म्हणून लहान पिल्लांना देऊ नये. आजार घुसल्यावर टोचलं तर उपयोग नाही. अंगात ताकद यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मग अडतं कुठे? बाटलीत. लसीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? एकेकट्या घराला हे जमत नाही, वस्तीला जमतं. वीस घरांनी मिळून एक बाटली मागवावी. बचत गटाच्या बायकांनी हे मनावर घेतलं की काम पटकन होतं, हा माझा अनुभव. खुडूक कोंबडी वर्षभर पिल्लं काढत असते, म्हणून एक फेरी पुरत नाही. दर तीन-चार महिन्यांनी ती लावावी. दिवाळीनंतरची आणि होळीच्या आधीची तर चुकवूच नये. दिवस आधी ठरवावा आणि त्या रात्री खुराडी नीट बंद करून ठेवावीत. टोचणारा उजाडण्याआधी पोचला पाहिजे. कोंबड्या एकदा उकिरड्यावर गेल्या की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत, आणि तोवर बर्फ वितळलेला असतो.