हलका, तरीही न हलणारा ट्रायपॉड

हरिश्चंद्रगडावर आकाशगंगा टिपायची तर शटर 15-20 सेकंद उघडं राहतं आणि कोकणकड्यावरचा वारा तेवढ्यात फोटो बिघडवतो. म्हणून ट्रेकसाठी ट्रायपॉड घेताना नुसतं वजन बघू नका. दुकानातच सगळे पाय पूर्ण उघडा, वरून तळहाताने दाबा, थोडं पिळून बघा. सर्वांत खालची नळी करंगळीपेक्षा बारीक असेल तर सरळ सोडून द्या. पाच भागांचे पाय बॅगेत छान मावतात, पण सांधे वाढले की डळमळही वाढते. मला चार भाग पुरेसे वाटतात. मधला दांडा शक्यतो वर काढूच नये, स्थिरता तिथेच जाते.

पायांसाठी कार्बन फायबर ॲल्युमिनियमपेक्षा हलकं असतं आणि कंपनंही लवकर शमवतं. महाग आहे, पण पाठीवर ओझं वाहणाऱ्याने पैसे इथेच घालावेत. बॉलहेडवरही, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या फिरत्या सांध्यावरही, काटकसर नको. खोक्यावरची भारक्षमता प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, म्हणून कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट आकडा बघा.

वाऱ्यात मधल्या दांड्याच्या खालच्या हुकला बॅग जरूर लटकवा, फक्त ती जमिनीला टेकलेली हवी. झुलली तर कॅमेऱ्यालाही हलवते. आणि शटर बोटाने दाबू नका, 2 सेकंदांचा टायमर लावा!