टीव्ही बुद्ध

'टीव्ही बुद्ध' हे कोरियन-अमेरिकन कलावंत नाम जून पाइक (२० जुलै १९३२ – २९ जानेवारी २००६) यांचे १९७४ सालचे व्हिडिओ मांडणशिल्प आहे. यात ध्यानस्थ बुद्धमूर्ती दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर स्वतःचीच प्रतिमा पाहत बसलेली दिसते. माध्यमांतील प्रतिमांचा माणसाच्या आत्मभानावर होणारा परिणाम हा विषय हाताळणाऱ्या आरंभीच्या कृतींमध्ये तिची गणना होते. तिची एक आवृत्ती ॲमस्टरडॅम येथील स्टेडेलिक संग्रहालयात आहे.

पार्श्वभूमी

पाइक यांचा जन्म सोल येथे झाला. टोकियो विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते संगीताच्या अभ्यासासाठी पश्चिम जर्मनीत गेले. तेथे १९५८ मध्ये त्यांची संगीतकार जॉन केज यांच्याशी भेट झाली; पुढे ते फ्लक्सस या कलाचळवळीत सामील झाले. मार्च १९६३ मध्ये वुपरटाल येथील पहिल्या एकल प्रदर्शनात त्यांनी अंतर्गत रचनेत फेरफार केलेले दूरचित्रवाणी संच मांडले. 'मॅग्नेट टीव्ही' (१९६५) या कृतीत संचावर ठेवलेल्या मोठ्या चुंबकामुळे पडद्यावरील चित्र वाकते. चुंबक हलवला की आकृती बदलते. प्रक्षेपण करणारा एक आणि निमूटपणे पाहणारे असंख्य, हे दूरचित्रवाणीतील एकतर्फी नाते मोडणे हा या प्रयोगांचा हेतू होता.

रचना

'टीव्ही बुद्ध'मध्ये मूर्तीसमोर संच आणि त्यामागे मूर्तीवर रोखलेला कॅमेरा असतो. कॅमेऱ्यातील संकेत थेट संचाकडे जातो. मध्ये ध्वनिचित्रमुद्रण नसते. मूर्ती निश्चल असल्याने पडद्यावरील चित्रही स्थिर भासते. प्रत्यक्षात ते क्षणोक्षणी नव्याने तयार होत असते. मूर्तीच्या मागे उभा राहिलेला प्रेक्षकही पडद्यावर उमटतो आणि पाहणारा स्वतःच दृश्याचा भाग बनतो. १९७४ मध्येच कोलोन येथे पाइक स्वतः मूर्तीच्या जागी बसले होते.

अर्थ

या कृतीचे परस्परविरोधी अर्थ लावले जातात. एका अर्थाने, बुद्ध पडद्यासमोरही अविचल असून त्यांचे ध्यान यंत्राने भंगत नाही. दुसऱ्या अर्थाने, ध्यानासाठी अंतर्मुख व्हावयाची दृष्टी बाहेरच्या प्रतिमेत अडकली आहे. अनात्मवादाची शिकवण देणारा शास्ता स्वतःचे रूप न्याहाळत बसल्याने येथे विसंगतीही निर्माण होते. कृती स्वतः कोणत्याही अर्थाच्या बाजूने कौल देत नाही.

व्हिडिओकलेतील आत्मप्रतिमेचा प्रश्न समीक्षेतही पुढे आला. १९७६ मध्ये 'ऑक्टोबर' या नियतकालिकातील निबंधात रोझलिंड क्राऊस यांनी या माध्यमाचा संबंध आत्ममग्नतेशी जोडला. कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी पडदा आरशासारखा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढील कृती

पुढील काळात पाइक यांनी एका संचाऐवजी संचांच्या राशी वापरल्या. सोल ऑलिंपिकच्या वर्षी, १९८८ मध्ये, त्यांनी दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथे १,००३ संचांचा मनोरा उभारला. हा आकडा ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापना दिनाचा निर्देश करतो.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयातील 'इलेक्ट्रॉनिक सुपरहायवे' (१९९५) हा ३३६ संचांचा, निऑन दिव्यांनी सीमा रेखाटलेला अमेरिकेचा नकाशा आहे. त्यात कॅन्सस राज्य 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातील दृश्यांनी दर्शविले आहे. एखाद्या प्रदेशाची ओळख तेथील प्रत्यक्ष अनुभवापेक्षा लोकप्रिय माध्यमांतील प्रतिमांवरून कशी बनते, हे यातून सूचित होते. राजधानी वॉशिंग्टनच्या जागी मात्र थेट कॅमेऱ्याचे चित्र असून त्यात प्रेक्षकाला स्वतःचे दर्शन घडते. 'टीव्ही बुद्ध'मधील युक्ती येथे राष्ट्राच्या नकाशात येते.

जतन

कॅथोड किरण नलिकांचे जुने संच आता दुर्मिळ झाल्याने या कृतींचे जतन कठीण बनले आहे. ग्वाचॉनचा मनोरा सुरक्षेच्या कारणास्तव २०१८ मध्ये बंद करण्यात आला. दुरुस्तीनंतर, काही संचांच्या जागी सपाट पडदे बसवून, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. जुने संच बदलल्यावर कृती मूळचीच राहते का, हा प्रश्न त्यामुळे माध्यमकलेच्या जतनात महत्त्वाचा ठरला आहे.