ध्वनिमुद्रणाचे संकेतांक आणि गीतकार-संगीतकारांची श्रेयनोंद

प्रस्तावना :
एखादे गीत श्रोत्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्यात तीन स्वतंत्र निर्मिती एकत्र आलेल्या असतात : कवीची शब्दरचना, संगीतकाराची स्वररचना आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. भारतीय प्रतिमुद्राधिकार कायदा, १९५७ या तिन्हींना वेगवेगळे संरक्षण देतो. व्यवहारात मात्र गायकाचे नाव ठळक होते आणि गीतकार विस्मृतीत जातो. हे श्रेय टिकविण्यासाठी निर्माण झालेल्या संकेतांकांचे स्वरूप येथे स्पष्ट केले आहे.

ध्वनिमुद्रणाचा संकेतांक :
आंतरराष्ट्रीय मानक ध्वनिमुद्रण संकेतांक (आयएसआरसी) हे आयएसओ ३९०१ या क्रमांकाचे मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा संकेतांक बारा चिन्हांचा असतो. पहिली पाच चिन्हे संकेतांक देणाऱ्या नोंदणीधारकाची, पुढील दोन वर्षाची व अखेरची पाच त्या मुद्रणाच्या क्रमांकाची असतात. येथील वर्ष संकेतांक दिल्याचे असते, मुद्रणाचे नव्हे. तसेच मुद्रणाची मालकी बदलली तरी संकेतांक बदलत नाही; म्हणून तो मालकीचा पुरावा ठरत नाही.

रचनेचा संकेतांक :
शब्द व स्वर यांनी सिद्ध होणाऱ्या रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी हा निराळा संकेतांक असून त्याचे आयएसओ १५७०७ हे मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रचनाकाराची ओळख आयपीआय क्रमांकाने निश्चित होते. मराठी नावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात. अशा वेळी या क्रमांकाचे महत्त्व विशेष जाणवते.

एक उदाहरण :
ग. दि. माडगूळकर यांचे शब्द व सुधीर फडके यांचे संगीत लाभलेले ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते विविध गायक-गायिकांनी गायिली. पुढे फडके यांच्या स्वरातील ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. या मांडणीनुसार एका गीताची रचना एकच, म्हणून तिचा संकेतांकही एकच. मुद्रणे मात्र अनेक आणि प्रत्येकाचा संकेतांक स्वतंत्र. माडगूळकरांचे निधन १९७७ मध्ये, तर फडके यांचे २००२ मध्ये झाले. रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे या नियमानुसार शब्दांवरील अधिकार २०३७ अखेर व संगीतावरील २०६२ अखेर संपतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे मात्र त्याच्या प्रकाशनापासून मोजली जातात.

मानधनाचा प्रश्न :
२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनातील समान वाट्याचा अधिकार मिळाला. वारस अथवा प्रतिमुद्राधिकार संस्था वगळता अन्य कोणाकडेही तो सोपविता येत नाही. भारतात अशा रचनांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था कार्य करते. परंतु कायद्याने दिलेला अधिकार नोंदीवाचून फलद्रूप होत नाही. ध्वनिमुद्रणाच्या संकेतांकात कवीचे नाव नसते. तो रचनेच्या नोंदीशी जोडला गेला नाही, तर गीत कितीही वेळा वाजले तरी रक्कम योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो.

समारोप :
संकेतांक हे केवळ तांत्रिक साधन नसून सांस्कृतिक स्मृतीचा आधार आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात व संगीत विभागात होणाऱ्या प्रत्येक मुद्रणासोबत गीतकार, संगीतकार, गायक व मुद्रणवर्ष यांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची शिस्त प्राध्यापकांनी रुजविल्यास, विद्यार्थ्यांना श्रेय व अधिकार यांतील नाते प्रत्यक्ष कृतीतून उमगेल.