भाद्रपदात टिकते तीच लिंक

सकाळी ६, राजूर
उठल्यावर पहिलं काम रात्रीचे आकडे बघण्याचं. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आमच्या इंटरनेटच्या जेवढ्या डिश आहेत, त्या सगळ्या आपापला सिग्नल सतत कळवत असतात. कोलटेंभ्याच्या अंगाला एक वाडी आहे. तिची लिंक मे महिन्यात उणे ६२ डीबीएमवर होती, काल रात्री उणे ७७ पर्यंत आली. ही घट १५ डेसिबलची, म्हणजे पोचणारी ताकद बत्तिसाव्या हिश्श्यावर आली. आलेखात एकदम पडलेली पायरी नाही, जूनपासून हळूहळू उतरत आलेली रेघ आहे. वाऱ्याने डिश फिरली असती तर पायरी दिसली असती. ही रेघ पालवीची आहे. वैशाखात ऐन आणि साग उघडे असतात, फांद्यांतून आरपार दिसतं. भाद्रपदात त्याच जागी पानांची भिंत उभी असते.

सकाळी ८, शेंडी
जीपवर शिडी, जीआय पाइप, क्लॅम्प आणि ताणाच्या तारा बांधून मी आणि माझा सोबती निघालो. आज उघडीप आहे. पोलवर चढायचं ते अशाच दिवशी. ओल्या पाइपवर आणि विजांच्या गडगडाटात कुणालाही चढवत नाही.

शेंडीला भंडारदऱ्याचा जलाशय समोर येतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं हे पाणी. नकाशा बघून बरेच जण सुचवतात, पाण्यावर झाडं नाहीत, मग लिंक तिथूनच न्या. पण पाणी लहर परतवतं. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर एकमेकींना खोडू शकतात, आणि धरणाची पातळी बदलली की तो हिशेबही बदलतो. म्हणून पाण्यावरून लिंक न्यायचीच झाली, तर काठावरचा एखादा उंचवटा असा शोधावा लागतो की जो उसळलेली लहर अडवेल आणि सरळ लहर सोडेल.

सकाळी १०, मुतखेलच्या वरचा माळ
इथे आमचा मधला पोल आहे, मालकाच्या परवानगीने उभा केलेला. वाडी इथून साधारण ३ किलोमीटर. दुर्बिणीतून घरांची कौलं दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की वाट मोकळी आहे. पण नजरेला बारीकशी फट पुरते, लहरीला पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर ३ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर चहूबाजूंनी सुमारे ६ मीटरचा पोकळ पट्टा लागतो. यालाच फ्रेनेल झोन म्हणतात. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळा हवा. वाडीच्या तोंडाशी ऐनाचे शेंडे नेमके त्या पट्ट्यात शिरले आहेत.

या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते. पानं आणि डहाळ्या साधारण त्याच मापाच्या, त्यामुळे लहर त्यांच्यावर आपटून विखुरते. पानातलं पाणी उरलेली शोषून घेतं. दाट पालवीतून दहा मीटर जाताना सात-आठ डेसिबल जातात. पानं भिजली की आणखी जातात, आणि वारा सुटला की आकडा क्षणाक्षणाला नाचतो.

दुपारी १२, वाडी
घरधनी मामा कोयता घेऊनच उभे होते. म्हणाले, “दादा, ती फांदी उतरवू का?” मी नको म्हटलं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ साली जाहीर झालेला. इथल्या झाडाला हात लावायला कायद्याची मनाई आहे. शिवाय ओळीतली निम्मी झाडं हिरड्याची, आणि बाळहिरडा वेचून इथल्या घरांत पैसा येतो. इंटरनेटसाठी हिरडा तोडणं हा मला न पटणारा सौदा आहे. फांदी छाटली तरी दुसऱ्या पावसाळ्यात ती परत येणारच.

मग खरं काम सुरू झालं, जागा शोधण्याचं. छोट्या बॅटरीवर रेडिओ चालू ठेवून मी बांधाबांधाने फिरलो. सोबत्याने फोनवर आकडे वाचले. घराच्या पडवीत उणे ७७. गोठ्यामागे उणे ७४. भाताच्या खाचरापलीकडच्या उंच बांधावर आल्यावर उणे ६७. बांध घरापासून साठेक मीटर दूर. साधी नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतर बसतं. जंगलात झाडापेक्षा उंच जाण्याआधी झाडाच्या बाजूला सरता येतं का, ते बघावं.

दुपारी १, ओसरी
मामींनी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. त्यांची मुलगी अकोल्यात शिकते. तिचे अर्ज, रेशनची ई-केवायसी, सातबारा, सगळं या एका डिशवर अवलंबून आहे.

दुपारी २, बांध
पाइप उभा केला, तीन बाजूंनी ताण दिले आणि अर्थिंगचा खिळा ओल्या मातीत खोल ठोकला. परतीच्या पावसात इथे विजा पडतात, म्हणून अर्थिंगशिवाय पोल सोडत नाही. मग डिश सावकाश डावी-उजवीकडे फिरवली. आकडा एका जागी चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. बाजूच्या छोट्या चढावर थांबलं तर लिंक लागते, पण दुबळी. म्हणून पूर्ण फिरवून सगळ्यात मोठा चढच पकडायचा आणि तसंच वर-खाली करून बघायचं. शेवटी चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० केली. वेग कमी होतो, पण गोंगाट निम्मा होतो आणि लिंक तगते. लिंक उणे ६३ वर बसली.

दुपारी ४, शाळा
गुरुजींनी विचारलं, “झाडांतून जाणारी लहर वापरत का नाही?” त्यांचं बरोबर आहे. फ्रिक्वेन्सी जितकी खालची, तितकी झाडातून वाट सोपी. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ विनापरवाना मिळतो, आणि तिथले लोक जंगलात तोच वापरतात. आपल्याकडे ९०० चा पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. ८६५ च्या आसपासचा विनापरवाना तुकडा इतका अरुंद की त्यावर मीटरचे आकडे जातील, ऑनलाइन वर्ग चालणार नाही. मोकळा आणि रुंद मिळतो तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, २०१८ पासून आणखी मोठा झालेला. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या पाड्यांवर टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यातून इंटरनेट नेऊन दाखवलं. सह्याद्रीतल्या वाड्यांसाठी तो पट्टा खुला व्हावा, ही मागणी मी कळकळीने करतो.

तोवर, झाडीच्या पार पोटात असलेल्या घराला मी डिश विकत नाही. तिथे ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झचा मोबाइल सिग्नल पोचत असेल, तर छपरावर दिशादर्शक अँटेना आणि ४जी राउटर लावायला सांगतो. पैसे कमी लागतात आणि काम होतं.

संध्याकाळी ६, पुन्हा वाडी
निघताना सर आली, आणि ती आली म्हणून बरं वाटलं. पोलपाशी छत्री धरून आकडे पाहिले. उणे ६३, उणे ६५, पुन्हा उणे ६४. मामींनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र अडकलं नाही.

रात्री ८, राजूर
वहीत लिंकची नोंद केली: महिना, आकडा, वाटेतली झाडं, त्यांची जात आणि अंदाजे उंची. ऐन वाढतो, साग वाढतो, म्हणून पाच वर्षांनी शेंडा कुठे असेल तेही लिहून ठेवतो. सर्वेक्षण उन्हाळ्यात उरकण्याची पद्धत सगळीकडे आहे, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. डोंगरी वाड्यांसाठी सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक योजनेत एक अट घालावी: मोजणी भाद्रपदात, भिजल्या पानांतून व्हावी, आणि त्यावर दहा-पंधरा डेसिबलची शिल्लक राहावी. त्या आकड्यावर उभी राहिलेली लिंक वर्षभर चालते, आणि तिच्यासाठी एकही हिरडा तोडावा लागत नाही.