पीआरपी इंजेक्शन आणि गुडघ्याची झीज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला, प्लेटलेटचे प्रमाण वाढवलेला रक्तद्रव. दंडाच्या शिरेतून घेतलेले रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. त्यातला प्लेटलेटयुक्त भाग सांध्यात टोचतात. हे स्टिरॉइड नाही आणि स्टेम सेल उपचारही नाही.

‘इंजेक्शनाने गुडघ्यातला गॅप भरून येतो’ हा समज सर्वाधिक पसरलेला आहे. मुळात एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली जी मोकळी जागा दिसते, ती कूर्चेचीच. झीज झाली की ती जागा कमी होते, वाढत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने ती भरून येण्याची शक्यताही फार कमी. ऑस्ट्रेलियात ५० वर्षांवरील २८८ रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना पीआरपीची तर काहींना साध्या सलाईनची इंजेक्शने आठवड्याला एक अशी तीन आठवडे दिली. वर्षभरानंतर एमआरआयवर दोन्ही गटांतली कूर्चा जवळपास सारखीच घटलेली दिसली.

‘शेजाऱ्यांना गुण आला, म्हणजे औषध लागू पडते’ असेही म्हटले जाते. याच चाचणीत वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या: १० पैकी पीआरपीने २.१ गुणांनी, सलाईनने १.८ गुणांनी. हा फरक नगण्य आहे. काही लहान चाचण्यांत पीआरपी सरस ठरले, हेही खरे. पण प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, इंजेक्शने किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. याच कारणाने अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी वापरू नये अशी ठाम शिफारस केली. खिशातून मोठी रक्कम मोजणाऱ्या रुग्णाला हे आधी सांगितलेच पाहिजे.

‘आता वाटी बदलावी लागणार नाही’ या आशेलाही आधार नाही. हाडाला हाड घासू लागलेल्या गुडघ्यात पीआरपीकडून अपेक्षा सर्वांत कमी. त्याउलट मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन उतरवणे यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे: १ किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचा धोका कमी, पण शून्य धोका नव्हे. टोचल्यावर काही दिवस सूज व ठणका राहू शकतो. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाल्यास तो गंभीर असतो. ताप आला किंवा गुडघा लाल होऊन तापला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.